व्हिलन, मुक्काम पोस्ट पिंपरी

१

मालोजीच्या झोपडीत कणगीच्या मागची जमीन उकरली, तेव्हा लाल पुठ्ठ्याची फाईल निघाली. फाईल म्हणजे नुसता पुठ्ठाच. आतले कागद गायब होते.

हे गुरुवारी सकाळी आठला झालं आणि साडेअकराला कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी मालोजी माझ्यापुढं उभा राहिला. हातात इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. मी कारखान्याच्या वेल्फेअर खोलीत कामगारांना लिहायला-वाचायला शिकवते. पगार कारखान्याचा, पण जीभ माझी स्वतःची. त्यामुळे साहेबलोकांना मी फारशी आवडत नाही आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

"बाई, ह्ये वाचा," मालोजी म्हणाला. "सही कर म्हनले. म्या म्हनलं, वाचल्याबिगर न्हाई करत."

"शाबास," मी म्हटलं आणि कागद घेतला.

ती फाईल काय होती ते आधी सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे चौपन्न साली, पिंपरीच्या अंगच्या रानात हा बाटल्यांचा कारखाना आला. औषधांच्या बाटल्या. ज्यांची जमीन गेली त्या प्रत्येक घराला एक कायमची नोकरी द्यायची, असं तेव्हाच्या मॅनेजरनं सहीनिशी लिहून दिलं होतं. मालोजीच्या घराला पहिली नोकरी मिळाली ती ही फाटकावरची. उरलेल्या एकोणीस घरांनी दुसरी भट्टी पेटेपर्यंत थांबायचं ठरलं. ती भट्टी आता डिसेंबरात पेटणार होती. घरांची यादी त्या एकाच फायलीत. गावकऱ्यांना नक्कल कुणी दिली नाही, त्यांनी मागितली नाही, आणि तो मॅनेजर कधीच परदेशी निघून गेला होता. सोमवारी ऑफिसातल्या कपाटातून फाईल नाहीशी झाली, म्हणजे एकोणीस चुलींवरचं भांडंच कुणीतरी उचलून नेलं.

कागदावर आरोप असा होता : आपल्या पाहुण्यारावळ्यांची नावं यादीत घुसडण्यासाठी मालोजीनं फाईल चोरली आणि घरात पुरून ठेवली. चौकशी शनिवारी सकाळी दहाला. तोवर कामावरून बंद. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले आणि शेवटच्या ओळीवर अडले.

"तुमी थांबला तिथं," मालोजी म्हणाला. "काय शबूद हाय त्यो?"

"व्हिलन. असल्या व्हिलनच्या हाती फाटक ठेवता येत नाही, असं लिहिलंय."

"म्हंजे?"

"बदमाश. नाटकात सगळी पापं ज्याच्या नावावर असतात तो."

मालोजीनं कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. देवनागरी अक्षरं दिवाळीआधीच त्याच्या हातात बसली होती. "आन ह्यो शबूद आला कुठनं? कुनीतरी काढलाच आसंल की."

माझ्याकडं वडिलांचा जाडजूड इंग्रजी कोश आहे. प्रत्येक शब्दाचं कूळमूळ त्यात दिलेलं असतं. मी पान काढलं, वाचलं, आणि माझेच कान तापले.

"जुन्या लॅटिन भाषेत व्हिला म्हणजे शेतावरचा वाडा," मी सांगू लागले. "त्या वाड्याच्या जमिनीत राबणारा तो व्हिलानस. पुढं फ्रान्सात आणि इंग्लंडात जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या कुळाला हाच शब्द लागला. मग मोठ्या लोकांनी ठरवून टाकलं की राबणारा तो अडाणी, अडाणी तो हलका आणि हलका तो लबाड. होता होता शेतकऱ्याचा बदमाश झाला. त्यात शेतकऱ्यानं काहीच केलं नव्हतं."

मालोजी हसला. त्या सकाळी त्याला हसू येईल असं मला वाटलं नव्हतं. "मंग खोटं काय लिवलंय? म्या शेतातलाच हाय. शेत तेवढं ऱ्हायलं न्हाई." मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "बाई, म्या चोर न्हाई. तुमाला इंग्रजी येतं आन तुमाला भ्या वाटत न्हाई. ही दोनी ज्याच्याजवळ हायती असं आमच्यात दुसरं कुनी न्हाई."

मी कोश मिटला आणि चपला पायात घातल्या.

२

लेबर ऑफिसर लक्ष्मणराव हे मुंबईचं माणूस. गिरगावात वाढलेले, इस्त्रीच्या पँटवर बोटभर धूळ बसली तरी अस्वस्थ होणारे. पण खोटं बोलणारे नव्हेत, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन.

"साहेब, हा शब्द तुमचा?" मी आरोपपत्र पुढं केलं.

"मसुदा यशवंतरावांचा, सही माझी. जोरकस शब्द आहे. काय चुकलं?"

शब्दाची जन्मकथा मी त्यांना ऐकवली. त्यांनी घड्याळ पाहिलं. "इंदुताई, शब्दांच्या जन्माला काय करायचंय? पुरावा जमिनीतून निघाला. कणगीच्या मागं ताजं सारवलेलं होतं. बाकी सगळी जमीन जुनी, आणि तेवढाच तुकडा ओला. कुणी सांगितलं नसतं तरी दिसला असता."

"कुणी सांगितलं?"

"दत्तोबा मुकादमानं. यशवंतरावांना, आणि त्यांनी मला."

"आणि कपाटाची किल्ली?"

"एक माझ्या खिशात. दुसरी दिवसभर यशवंतरावांच्या टेबलामागं खिळ्याला. पाणी प्यायला येणारा कुणीही उचलेल. मालोजी दिवसातून चार वेळा येतो." ते उठले. "तो बुधवारी अर्धा दिवस रजेवर होता. अर्जावर माझीच सही आहे. त्याच वेळात त्यानं खड्डा केला."

हेडक्लार्क यशवंतराव शेजारच्या खोलीत बसत. गोरे, नीटनेटके. उजव्या हाताच्या पहिल्या बोटात पुष्कराजाची अंगठी, सोन्याच्या दोन तारांच्या वेढ्याची. गुरुबळासाठी घातली आहे आणि वर्षभर बोटातून काढायची नाही असं ज्योतिष्यानं बजावलंय, हे ते ऑफिसात येईल त्याला सांगत.

"या गावठी लोकांची बाजू घेऊ नका, बाई," ते म्हणाले. "मी पुण्यात जन्मलो, पुण्यात वाढलो, पण ही जमात मी ओळखतो. बोट दिलं की हात धरतात."

"मालोजी बुधवारी रजेवर का होता?"

"लेकीला सासरी धाडायला. दिवाळीला आली होती म्हणे. अर्ज माझ्याच टेबलावरून गेला." त्यांनी दौतीचं झाकण लावलं. "शेणामातीत लोळणारी माणसं, त्यांना कागदाची काय किंमत?"

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "तुम्ही कधी लोळलाय?" असं विचारून मी बाहेर पडले.

दत्तोबा मुकादम भट्टीच्या मागं तंबाखू मळत बसला होता. हा पाथर्डीकडचा, बाहेरून आणलेली माणसं रोजावर पुरवणारा. यादी नाहीशी झाली तर एकोणीस जागा कुणाच्या माणसांना जातील, ते सांगायला ज्योतिषी नको. मी सरळच विचारलं.

"फायदा माझाच हाय बाई, मी कुठं नाही म्हणतो?" तो हसत म्हणाला. "पण मालोजीच्या लेकीला न्यायला मीच माझी गाडी-बैलं दिली. अंबू माझ्या पोरीवाणी हाय. सारं घर भोसरीपर्यंत संगं गेलं तिच्या, चऱ्होलीच्या वाटंला लावून दिवेलागणीला परत आलं. पुसा कुणालाही."

"मग झोपडीत उकरलंय हे तुम्ही यशवंतरावांना कसं सांगितलंत?"

त्याची तंबाखू हातातच राहिली. "मी? मी सांगितलं? अहो, मला तर यशवंतरावांनीच सांगितलं. बुधवारी सांजच्याला. मालोजीच्या घरात काहीतरी निघणार, बघत राहा, म्हणले."

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. दत्तोबाला एकोणीस जागांचा फायदा होता, गाडी त्याचीच होती, आणि घर कधी रिकामं होणार हे त्याला माहीत होतं. पण रजेचा अर्ज बघणाऱ्या दोघांनाही ते माहीत होतं.

३

मालोजीची झोपडी फाटकापासून दोनशे पावलांवर, कुंपणाच्या बाहेर. मी गेले तेव्हा त्याची बायको सोजराबाई दारातच उभी होती, पदर खोचून, भांडायच्या तयारीत.

"कोन आलंय? आजून खनायचंय का काय?" मला पाहून ती मऊ झाली. "या ताई. बसाया घोंगडी टाकते. घराची काय दशा केलीया बघा."

आत उकरलेली माती तशीच पडली होती. कणगी सरकवलेली. शिपायांनी खणताना मधला भाग उडवला होता, पण भिंतीकडचा हातभर तुकडा शाबूत होता. ताजं सारवण वाळून फिकट झालेलं. मी खाली बसले.

"सोजराबाई, घर असंच ठेवलंत? मी असते तर हे कधीच सारवून टाकलं असतं."

"त्येच सांगितलं की त्या हेडकलारकानं! दुपारी शिपाई धाडलावता. साहेब बघाया येनार हाय, समदं घर चकचकीत सारवून घ्या म्हनं. म्या म्हनलं, न्हाई सारवत, साहेब येवू दे न्हाईतर लाटसाहेब येवू दे."

"का हो?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच वर्गातली मठ्ठ पोर आहे. "ताई, लेक काल सासरी गेली न्हवं? माणूस घरातनं वाटंला लागलं की मागं सारवत न्हाईत. मढं गेल्यावर सारवत्यात. आमच्यात तर लेक पोचल्याचा सांगावा येईस्तवर जमिनीला हात लावत न्हाई. चऱ्होलीवनं आजून कुनी आलं न्हाई."

मी जुन्नरला मावशीच्या हाताखाली सारवायला शिकले. मला हे माहीत होतं. माहीत असून मी दिवसभर तीन पुरुषांना फाईल, किल्ली आणि रजा यांबद्दल विचारत हिंडले होते. सारवण बुधवारचं आणि अंबू गेली तीही बुधवारीच. लेक घराबाहेर पडल्यावर तिची आई कणगीमागं शेणाचा हात फिरवेल? त्यापेक्षा तिनं स्वतःचा हात तोडून घेतला असता.

"हा तुकडा तुमचा नव्हे," मी म्हटलं.

"माजा? तोंड बघा त्याचं!" सोजराबाई कणगीपाशी आली. "आमी बायका मागं सरकत सारवतो, समदे हात दाराकडं. ह्यो बघा, पुढं सरकत गेलाय, भिंतीकडं. पर शेण-माती मातुर बराबर कालवलीया. पांढरी माती घातल्याली हाय, म्हनून भेग न्हाई पडली. येडा न्हवता कुनी. घरी आईला सारवताना बघितल्यालं दिसतंय, पर सोता कंदी बसला न्हाई."

मी कंदील मागवला आणि तुकड्याजवळ धरला. बोटांच्या कमानी एकीशेजारी एक उमटल्या होत्या. आणि प्रत्येक कमानीत, अंगठ्याकडच्या पहिल्या बोटाच्या वाटेत, केसाएवढ्या दोन रेघा शेजारी शेजारी पळत होत्या. सोजराबाईच्या बोटात अंगठी नव्हती. मालोजीच्या तर जन्मात नव्हती.

मी त्यावर पाटी पालथी घातली. "शनिवारपर्यंत कुणालाही हिला हात लावू देऊ नका."

"हात लावाया येईल त्येला मुसळ दावते," सोजराबाई म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी शिपाई पुन्हा आला, या वेळी दोन बाया आणि शेणाची बादली घेऊन. सोजराबाईनं मुसळ दाखवलं.

४

शनिवारी दहाला साहेबांच्या खोलीत चौकशी सुरू झाली. लक्ष्मणरावांनी आरोप वाचून मालोजीला विचारलं, "मान्य आहे?"

"चोरी मान्य न्हाई," मालोजी म्हणाला. "त्यो दुसरा शबूद मान्य हाय."

"कोणता?"

"व्हिलन. बाईंनी सांगितला अर्थ. रानात राबनारा. त्यो म्या हाय, माजा बाप व्हता, आज्जा व्हता. खोडू नका."

यशवंतराव खाकरले. मी उभी राहिले. "साहेब, बाकीची चौकशी झोपडीत करावी लागेल. पुरावा जमिनीत आहे आणि जमीन इथं आणता येत नाही."

लक्ष्मणरावांनी पँट वर धरत दोनशे पावलं काटली. मागून यशवंतराव, दत्तोबा आणि मालोजी. झोपडीबाहेर मी एक पाट मांडून ठेवला होता आणि शेजारी शेण-मातीचा काला. आत नेऊन आधी सोजराबाईकडून मी तिचा रिवाज सांगवून घेतला. लक्ष्मणरावांनी मान हलवली. "श्रद्धा आहे, पुरावा नव्हे."

"बरं. मग हा पुरावा." मी पाटी उचलली, कंदील धरला. "रेघा बघा."

त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे करणारा मुंबईचा असू शकत नाही," मी म्हटलं. "माती कुठली, शेण किती, हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे तो खेड्यातलाच. पण पुरुष. सारवताना मागं सरकायचं आणि लेक गेल्यावर सारवायचं नाही, हे पुरुषाला कोण सांगणार? त्याला फक्त एक ताजी खूण हवी होती, तुमच्या नजरेत भरेल अशी. आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटात अंगठी आहे. आता बाहेर चला. तुम्ही तिघांनीही पाटावर हात फिरवायचा."

"मी?" लक्ष्मणराव म्हणाले.

"अर्जावर सही तुमचीही होती."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ते खाली बसले, नाक आक्रसलं आणि दोन बोटांनी काला पाटावर लिंपला, पोळीला तूप लावावं तसा. दत्तोबानं दणकून हात फिरवला; जाड, ओबडधोबड, अंगठीबिंगठी काही नाही. मग सगळे यशवंतरावांकडं बघू लागले.

"मी शेणाला हात लावणार नाही. माझा धर्म आहे, शिक्षण आहे—"

"मी लावला," लक्ष्मणराव आपला हिरवा हात पुढं करून म्हणाले. "तुम्ही का नाही?"

यशवंतरावांचा डावा हात उजव्या हाताच्या बोटाकडं गेला. अंगठी त्यांनी ओढली, पिळली. ती निघेना. बोट लाल झालं. मालोजी शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. वर्सभर काढायची न्हाई न्हवं."

शेवटी ते बसले. मुद्दाम वेडावाकडा हात फिरवला, पण हात म्हणजे हात. तीन कमानी उमटल्या आणि प्रत्येकीत दोन रेघा, शेजारी शेजारी. लक्ष्मणराव पाट उचलून आत घेऊन गेले आणि भिंतीजवळच्या तुकड्याशी धरला. बाहेर आले ते थेट यशवंतरावांपुढं उभे राहिले.

"कागद कुठं आहेत?"

यशवंतराव अजून पाटाजवळच बसले होते. "भट्टीत गेले," ते म्हणाले. आवाज एकदम बदलला, पुणेरी धार गळून पडली. "सोमवारीच टाकले. साहेब, माझ्या गावाकडं, माणच्या रानात, धा पोरं बसल्यात नुसती. दुष्काळात. त्यांना इथल्या नोकरीचा शब्द दिला होता मी. त्यांनी कुठं जायचं?"

म्हणजे पुण्यात जन्मलेले, पुण्यात वाढलेले यशवंतराव हे असे. मला त्यांची कीवही आली आणि चीडही. ज्या मातीतून आपण वर आलो ती अंगाला चिकटू नये म्हणून हा माणूस दुसऱ्याला गावठी म्हणत होता, आणि इंग्रजीतली शिवीही त्याच भीतीनं त्यानं शोधून काढली होती. तो कोशातला शब्द जमीनदारांनी बिघडवला हे खरं. पण तो टिकवला असल्या लोकांनी. आम्ही शिकलेली माणसंसुद्धा 'गावंढळ' म्हणतोच की.

"धा पोरांसाठी आमच्या एकोनीस घरांच्या पोटावर पाय?" मालोजीनं विचारलं.

त्यांची नोकरी त्याच दुपारी गेली. मालोजीचा आरोप रद्द झाला. पण संध्याकाळी लक्ष्मणरावांनी मला बोलावून जे सांगितलं त्यानं माझी जिंकल्याची सगळी हवा गेली.

"हेड ऑफिसला एकोणीस हा आकडा माहीत आहे. नावं नाहीत. यादी जळाली. आता गावातून शंभर जण येऊन म्हणतील माझं शेत होतं, माझं शेत होतं. मी कुणाचं ऐकू? जागा खुल्या भरतीनं भरा असा हुकूम येईल. माझा नाइलाज आहे, इंदुताई."

मी हे जसंच्या तसं मालोजीला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब सोमवारी कामावर हायेत न्हवं?"

५

सोमवारी सकाळी सातचा भोंगा झाला. पहिल्या पाळीचे कामगार आत गेले, आणि मालोजीनं फाटक लावलंच नाही.

मी वेल्फेअर खोलीच्या दारातून बघत होते. गावाकडून माणसं येत होती, एका रांगेत, न बोलता. म्हातारे, तरणे, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. मालोजीनं दोन्ही दारं सताड उघडली. दोनच दिवसांपूर्वी परत मिळालेली नोकरी त्यानं त्या उघड्या फाटकात मांडून ठेवली होती, आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं.

आत आल्यावर ती माणसं पांगली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी यंत्राला हात लावला नाही. एकेकजण चालत गेला, लांबवर पवना नदीकडच्या झाडांकडं बघितलं, इकडं टेकाडाकडं बघितलं, चार पावलं डावीकडं सरकला आणि उभा राहिला. चिमाजी गोदामात, खोक्यांच्या थप्पीमध्ये. सोपानराव सायकल स्टँडवर. अर्जुनराव आणि त्याचा भाऊ भट्टीच्या आचेपासून दहा हातांवर, घामानं निथळत. ते दोघे एकमेकांपासून नेमकं दोन पावलांचं अंतर ठेवून उभे होते, कारण मधून पाण्याचा पाट जायचा. एका म्हातारीनं मोटारीच्या रस्त्यावरच बैठक मारली आणि ट्रक थांबला.

लक्ष्मणराव धावत बाहेर आले. "हे काय चाललंय? मालोजी! फाटक कुणी उघडलं?"

"म्या."

"यांना बाहेर काढ!"

"कुठनं बाहीर काढू साहेब? जो तो आपापल्या शेतात हुबा हाय."

साहेबांचा आवाज चढला. "मी पोलिसांना बोलावतो."

"बोलवा," मालोजी म्हणाला. "बराच हाय. पोलीस पंचनामा करत्याल. कोन मानूस, नाव काय, कुठं हुबा हाय, शेजारी कोन. समदं सरकारी कागदावर उतरंल. आमाला तरी काय पायजे?"

लक्ष्मणराव भट्टीकडं बघत राहिले, गोदामाकडं, रस्त्यात बसलेल्या म्हातारीकडं. मला वाटतं, आपण रोज कशावरून चालत जातो ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. शंभर जण खोटं बोलतील असं ते म्हणाले होते. पण भलतीकडं उभं राहायचं धैर्य कुणाला होणार? शेजारचा लगेच ओरडला असता, ए, माझ्या बांधावरनं सरक.

"इंदुताई," ते म्हणाले, "एक कोरं रजिस्टर घ्या."

मी त्यांच्यामागून हिंडत नावं लिहिली. प्रत्येकापाशी थांबायचं, शेताचं नाव विचारायचं, डावा-उजवा शेजारी विचारायचा आणि पुढच्याकडून तेच पडताळून घ्यायचं. ओढ्याचं, चिंचेचं, खडकी, पांढरी. एकदाही तफावत आली नाही. नऊ वाजता अठरा झाले, आणि सव्वानऊला सायकल स्टँडपलीकडचा एकोणिसावा. लक्ष्मणरावांनी कपाळ पुसलं. "बरोबर एकोणीस. संपलं. आता सगळ्यांना चहा द्या आणि घरी पाठवा."

आम्ही त्यांच्या खोलीत आलो. खोलीत आधीच कुणीतरी होतं.

टेबलापाशी, साहेबांच्या खुर्चीच्या अगदी शेजारी, यशोदाबाई उभी होती. गावातली एकटी राहणारी विधवा. मूल नाही, दीर नाही. पायातल्या वहाणा तिनं दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

"खुर्ची जरा सरकवा, साहेब," ती म्हणाली. "ही माज्या खळ्याची जागा हाय. हितं पायतान घालून कुनी येत न्हाई."

लक्ष्मणरावांनी खुर्ची सरकवली. मग थोडं घुटमळून म्हणाले, "बाई, यादीत एकोणीसच नावं होती. तुमच्या घरात पुरुष कुणी नाही म्हणून तेव्हा तुमचं नाव घेतलं नसणार. जळालेल्या यादीत तुम्ही नव्हता."

"मंग ती जळाली त्ये बेस झालं," यशोदाबाई म्हणाली. "आता माजं लिवा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी हो म्हणायची मी वाट पाहिली नाही. रजिस्टर टेबलावर ठेवलं, तिला पूर्ण नाव विचारलं आणि विसाव्या ओळीवर लिहायला घेतलं.